आठ मीटर आवाज

मांद्र्याहून आलेल्या त्या गृहस्थांनी सर्किटचा बोर्ड पंच्यात गुंडाळून आणला होता. वर्कशॉपच्या दारात चपला काढून ते आत आले. तिथे कोणीच चपला काढत नसे, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"चिपीत लिवलेला वाचणारा चेडू तूच मां?" त्यांनी मला विचारलं.

मी डिचोलीजवळच्या एका खाण कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात कामाला होते. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झाली होती. खनिजाच्या ट्रकांचं वजन करणारे काटे नुकतेच इलेक्ट्रॉनिक झाले होते. त्यांच्या पोटातली चिप बिघडली की ती वाचायला, पुसायला आणि पुन्हा भरायला कंपनीने एक यंत्र घेतलं होतं. ते चालवायला विभागात मी एकटीच शिकले होते. ही बातमी कोणा ट्रकवाल्याच्या तोंडून मांद्र्यापर्यंत पोचली होती.

"वाचते, पण आमच्या काट्यांच्या," मी म्हटलं. "हे कसलं आहे?"

"मशीन. तीन चित्रां फिरतत तां. दिवे लागतत, चित्रां फिरतत, पण बोलणा नाय. आदी बोलायचा."

ते तारवटी होते. सगळी हयात त्यांनी परदेशी बोटींवर वाढप्याची नोकरी केली होती. शेवटच्या बोटीवर उतारूंच्या हॉलमध्ये जुगाराचं एक मशीन होतं. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, चित्रं फिरायची, आणि तीन सारखी लागली तर आतून एक बाई काहीतरी बोलायची. भाषा कोणती ते बोटीवर कोणालाच कळलं नाही. पण गोंयकार नोकरांच्या कानाला ते "हांव आयलें" असंच ऐकू यायचं. मी आले. बोट मोडीत निघाली तेव्हा त्यांनी ते मशीन मागून घेतलं आणि मांद्र्याला आणलं. घराशेजारी पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या, तिथल्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या पडवीत, ते ठेवलं. नाण्यांऐवजी पितळेची टोकनं केली. लोक गंमत म्हणून खेळायचे. गेल्या वर्षी आवाज खरखरायला लागला, मग बंदच पडला.

"मशीन चालतंय ना काका? मग आवाज नसला तर काय बिघडलं?"

त्यांनी पंचा घडी करून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "घरची चिठी येवक दोन म्हयने लागायचे, बाय. ही मात्र रोज बोलायची."

मी बोर्ड ठेवून घेतला.

बोर्डावर चार मोठ्या चिपा होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यातून विशिष्ट प्रकाश सोडला की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून ती कागदाच्या चिकटपट्टीने झाकून ठेवतात. तिघींची पट्टी शाबूत होती. चौथी स्पीकरकडे जाणाऱ्या तारांजवळ होती, आणि तिची खिडकी उघडी होती. पट्टी कधीतरी सुटून पडली असावी. आवाज हिच्यातच असणार असा मी अंदाज केला.

ती यंत्रात बसवून वाचली. आमच्या काट्यांच्या चिपांत हुकूम असतात, हे कर, ते कर. हिच्यात हुकूम नव्हते. नुसते आकडे होते, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचे, आठ हजारांहून थोडे जास्त. सुरुवातीला एकशे अठ्ठावीस, एकशे सत्तावीस, पुन्हा एकशे अठ्ठावीस, असं बराच वेळ. मग हळूहळू ते हलायला लागले. एकशे चाळीस, एकशे साठ, मग उतरत नव्वद, सत्तर. मी पुन्हा एकदा चिप वाचली तर काही आकडे पहिल्यापेक्षा वेगळे आले. म्हणजे चिप आजारी होती. पण कोणते आकडे खरे आणि कोणते बिघडलेले हे ओळखायचं कसं, ते मला कळेना. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सगळे छापले आणि तो जाडजूड गठ्ठा घरी नेला.

घरी आई आणि ताई. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीन वर्षांची असताना तापात तिचे दोन्ही कान गेले. तिला जे थोडेफार शब्द येत होते तेही मग गळून गेले. आम्ही तिघी हातांनी बोलायचो. त्या वर्षांत बाहेर भाषेवरून केवढे वाद, कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, दुकानात मराठी की कोंकणी यावर माणसं तावातावाने बोलत. आमच्या घरात या दोन्ही भाषा होत्याच, पण स्वयंपाकघरात चालायची ती तिसरी, आईने आणि ताईने मिळून बनवलेली, जिला नाव नव्हतं.

ताई माझ्याच कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. सर्वेअर लोक खाणीची मापं घेऊन येत, ती त्यांच्या कच्च्या नकाशांवरून शाईने पक्के नकाशे उतरवायची. डोंगराच्या उंचीच्या रेषा तिच्याइतक्या स्वच्छ कोणी काढत नसे.

तिने गठ्ठा चाळला आणि हातांनी विचारलं, "हे कशाचं माप?"

मी सांगितलं, "आवाजाचं. एका बाईच्या."

मग तिने एका आकड्यावर बोट ठेवलं. "हा आवाज?"

"नाही. सगळे मिळून. आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. हवा किती दाबली गेली आणि किती सुटली त्याचं माप, एका सेकंदात जवळजवळ आठ हजार वेळा घेतलेलं."

"मग याचा नकाशा होईल," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

मला वाटलं, दहा-वीस आकडे काढून बघेल आणि सोडून देईल. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातल्या साहेबांना चिठ्ठी लिहून परवानगी घेतली आणि आलेख-कागदाचं एक शिल्लक भेंडोळं घरी आणलं. आडवा एक मिलिमीटर म्हणजे एक आकडा, उभा एक मिलिमीटर म्हणजे एक अंश. कामावरून आल्यावर चहा घेऊन ती जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, मेज ओढायची आणि दिवेलागणीपर्यंत ठिपके द्यायची. रोज चारशे. चारशे झाले की पेन्सिल खाली. मग ते ठिपके रेषेने जोडायची.

पहिले दोन दिवस रेषा जवळजवळ सपाट होती. तिसऱ्या दिवशी तिच्यात बारीक, अनियमित काटे उठले. चौथ्या दिवशी मी घरात शिरले तर ताईने माझा हात धरून मला मेजाकडे ओढलं.

कागदावर डोंगर उभे होते. एक उंच सुळका, त्याच्या उतारावर दोन लहान टेकड्या, मग खोल दरी. साडेतीन सेंटीमीटर पुढे पुन्हा तोच सुळका, त्याच दोन टेकड्या, तीच दरी. पुन्हा साडेतीन सेंटीमीटर, पुन्हा तेच. हुबेहूब नाही. प्रत्येक खेपेला एक टेकडी किंचित वाढत होती, दुसरी किंचित झिजत होती.

"एकच डोंगर परत परत का?" तिने विचारलं.

मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. "ती 'आ' किंवा 'ए' असं काहीतरी म्हणतेय. गळ्यातले पडदे दर वेळी उघडतात आणि मिटतात, तो हा एकेक डोंगर."

ताईने बोटाने तो वाढणारा उंचवटा शेवटपर्यंत चाचपला. "आणि हे बदलतं ते?"

"तिचं तोंड हलतंय. जीभ वर जात असेल."

तिने स्वतःच्या ओठांवर हात ठेवला. तीस वर्षं ती माणसांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखत आली होती. ओठांच्या आत काय चाललेलं असतं ते तिला आज कागदावर दिसत होतं. जगात कुठेतरी, कोणत्या गावात कोण जाणे, एक बाई एका यंत्रापुढे उभी राहून क्षणभर बोलली होती. तिची जीभ वर गेली ती आमच्या डिचोलीच्या घरात मेजावर दिसत होती, आणि ती दाखवत होती माझी बहिरी बहीण.

कागद वाढत गेला तसा मेज पुरेना. तयार झालेला भाग आम्ही भिंतीच्या कडेने जमिनीवर पसरला. आई त्याच्या कडेकडेने चालायची. "माझ्या घरात त्या बायलेक बसायला जागा आहे, मला नाही," असं कुरकुरायची, पण त्यावर पाय मात्र तिने कधी पडू दिला नाही. एकदा शेजारीण आली तर आईनेच तिला बाहेरच्या सोप्यावर थांबवलं.

दहाव्या-बाराव्या दिवशी ताई रागावलेली दिसली. तिने मला जमिनीवर बसवलं आणि लाल पेन्सिलीने गोल केलेले ठिपके दाखवले. डोंगराचा उतार नीट खाली येत असताना मधेच एक ठिपका उडून आभाळात गेलेला. पुढचा ठिपका पुन्हा जागेवर.

"हे चुकीचे आहेत," ती म्हणाली. "टेकडी अशी उडी मारत नाही. सर्वेअरने माप चुकवलं की असं होतं."

"कदाचित आवाजच तसा असेल."

तिने नकारार्थी मान हलवली. मग पट्टी घेऊन एकेक उडी मोजून दाखवली. चौसष्ट मिलिमीटर. दुसरी, चौसष्ट. तिसरी, बत्तीस. मग पुन्हा चौसष्ट. "आणि सगळ्या वर," तिने बोट छताकडे केलं. "खाली एकही नाही. चूक असती तर कधी वर झाली असती, कधी खाली."

मी तिथेच बसून राहिले. चिपमधला प्रत्येक आकडा आठ घरांत साठवलेला असतो, प्रत्येक घरात एक किंवा शून्य, आणि प्रत्येक घराची किंमत ठरलेली. त्यातल्या एका घराची किंमत चौसष्ट, एकाची बत्तीस. कोरी चिप म्हणजे सगळी घरं एक. लिहिताना काहींचं शून्य करतात. उघड्या खिडकीतून ऊन शिरलं की शून्याचं पुन्हा एक व्हायला लागतं, उलटं कधीच होत नाही. म्हणून आकडा बिघडला की वाढतो, आणि वाढतो तो नेमका त्या घराच्या किमतीएवढा. हे मला ठाऊक होतं. कामाच्या ठिकाणी जांभळ्या दिव्याच्या पेटीत मी स्वतः चिपा पुसत होते. पण समोर ठेवलेल्या आकड्यांत ते मला दिसलं नव्हतं. हिला विजेतलं काही माहीत नव्हतं, आवाज तर तिने ऐकलाच नव्हता, आणि तिने पट्टीने मोजून सांगितलं की या बाईला ऊन लागलंय.

मी तिला हे समजावलं तेव्हा ती हसली. "मग उन्हाने वर नेलेले आपण खाली आणू."

पुढे ती ठिपके देतानाच लाल गोल करत गेली आणि बाजूला नवा आकडा लिहीत गेली. एक भाग मात्र अवघड होता. तिथे डोंगर नव्हतेच, नुसती दाट, वेडीवाकडी झुडपं, नुसता श्वास सोडताना होतात तशी. त्या झुडपात खरी उडी कोणती आणि उन्हाची कोणती हे मला सांगता येईना. मी म्हटलं, आहे तसं सोडू. ताईने ऐकलं नाही. दोन संध्याकाळी ती नुसती बघत बसली. मग तिने मोजून अकरा ठिपके खाली आणले आणि बाकीच्यांना हात लावू दिला नाही. कशावरून, असं मी विचारलं. "इथे रान एवढंच उंच आहे," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी नकाशा संपला. सव्वा आठ मीटर. सुधारलेले आकडे मी एका कोऱ्या चिपमध्ये भरले, खिडकीवर दुहेरी पट्टी लावली, आणि काकांना निरोप धाडला, बिघाड उन्हाने झाला हेही कळवलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. म्हापशाला बस बदलून शिवोलीला उतरलो आणि फेरीबोटीने पलीकडे चोपड्याला. ताईने कागदाचं भेंडोळं काखेत घेतलं होतं. फेरीत एका म्हाताऱ्याने जागेचा नकाशा आहे काय म्हणून विचारलं. मी हो म्हणून सांगितलं. काका धक्क्यावर छत्री घेऊन उभे होते. पाऊस नव्हता, ऊन होतं, आणि छत्री त्यांनी चिपेवर धरली. आम्हा दोघींवर नाही.

मशीन माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघालं. लाल रंग विटलेला, दांड्याचा लाकडी गोळा हाताने गुळगुळीत झालेला. मागचं झाकण नव्हतं आणि दुपारचं ऊन थेट आत पडत असणार. मी बोर्ड बसवला, तारा लावल्या. काकांनी टोकन टाकलं. तीन सारखी चित्रं यायला किती वेळ लागेल देव जाणे म्हणून मी आवाज तपासायचं आतलं बटण दाबलं.

बाई बोलली.

मधे किंचित खरखर होती, बाकी स्वच्छ, तरुण आवाज, शेवटी थोडा वर चढणारा. आणि खरंच, शपथेवर सांगते, मला तो "हांव आयलें" असाच ऐकू आला.

काका हळूच बाल्कांवाच्या बाकावर बसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तीच," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "तीच गो ती." आतून त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "ही काय ती? म्हाका सांगायचे ती?" असं तिने विचारलं, आणि दोघंही हसायला लागली.

ताई माझ्या खांद्याला हलवत होती. तिने स्पीकरच्या जाळीवर हात ठेवायला म्हणून उचलला होता, तो अजून हवेतच होता.

"लाव ना," ती म्हणाली.

"झालं. बोलली ती."

"सगळं?"

"सगळं."

तिने भेंडोळ्याकडे बघितलं. मी बटण पुन्हा दाबलं. या वेळी तिचा तळहात जाळीवर होता. जाळी थरथरली आणि थांबली. ताईने डोळे मोठे केले. तिने खुणेने पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा, पुन्हा. मग तिने बाल्कांवाच्या एका टोकापासून कागद उलगडायला सुरुवात केली. बाल्कांव पुरेना, तेव्हा काकांनी उरलेलं टोक धरलं आणि ते पायऱ्या उतरून अंगणात माडापर्यंत गेले. ताई पहिल्या सपाट रेषेपाशी उभी राहिली. तिने मला बटण दाबायला लावलं आणि त्याच क्षणी चालायला सुरुवात केली. ती दोन पावलं गेली तेवढ्यात बाई बोलून मोकळी झाली होती. मी हात वर करून दाखवलं. ताई तिथेच थांबली. मागे वळून तिने मला जे विचारलं ते मी अजून विसरलेले नाही.

"तुम्ही सगळे इतक्या वेगाने ऐकता? दिवसभर?"

मी हो म्हटलं. मी एवढी वर्षं ऐकत आले होते आणि त्यात काही वेग असतो, एका शब्दात शेकडो डोंगर चढून उतरायचे असतात, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. काकांची बायको समुद्राकडून येणाऱ्या कोणाला तरी हाक मारत होती. मी ती हाक ऐकली आणि किती मीटर झाली असेल असं मनात आलं.

नकाशा काकांनी मागितला. ताईने तो लगेच देऊन टाकला. मला वाईट वाटलं. तिला वाटलं नसावं. पुढे तो कागद आणि ते मशीन, दोन्ही त्या तीन खोल्यांबरोबर नव्या मालकाकडे गेली असं ऐकलं.

ताईच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या विभागात आली आणि म्हणाली, "तुझा आवाज दाखव."

वर्कशॉपात ऑसिलोस्कोप होता, विजेची लहर पडद्यावर दाखवणारा. मी एक माइक जोडला आणि 'आ' म्हटलं. हिरवी रेषा उसळली. ताईने बराच वेळ बघितलं. "त्या बाईपेक्षा तुझे डोंगर लांब-लांब आहेत," ती म्हणाली. बरोबरच होतं, माझा आवाज जाडा आहे. मग तिने आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं आणि माइक स्वतःकडे ओढला.

मला हाक मारायचा तिचा एक आवाज होता, 'आंब' असा काहीतरी. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर पोरं त्या आवाजाला हसली होती. कोणी तरी तिला खुणेने सांगितलं होतं की तू ओरडतेस. तेव्हापासून घराबाहेर तिने तोंडातून आवाज काढला नव्हता, घरातही क्वचित. तिने तो आता काढला. रेषा पडद्याच्या वर आणि खाली बाहेर फेकली गेली. ताई दचकून मागे सरली.

"एवढा मोठा?"

"हो."

तिने पुन्हा माइकजवळ तोंड नेलं. थोडा कमी. रेषा वरच्या काठाला लागली. आणखी कमी. मग इतका हळू की मला ऐकायला वाकावं लागलं. पडद्यावर बारीक, एकसारख्या टेकड्या उभ्या राहिल्या. आपल्या घशात काय केलं की त्या लहान होतात ते ती शोधत होती. एक हात गळ्यावर, डोळे पडद्यावर. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, माणसं आत यायला लागली, तरी तिने माइक सोडला नाही. मीही तिला उठवलं नाही. फोरमन आला आणि दारातच थांबला.

त्या संध्याकाळी डिचोलीच्या बसथांब्यावर गर्दी होती. मी पुढच्या दाराने चढले, ताई मागच्या दाराने. कंडक्टरने घंटी दिली आणि बस हलली. मी तिला शोधायला मान वळवली तेवढ्यात मागून, माणसांच्या डोक्यांवरून, बेताची हाक आली.

"आंब."

दोघा-तिघांनी वळून बघितलं. ताई खांबाला धरून उभी होती. त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने मला भुवया उंचावून विचारलं, बरोबर आहे? मी मान डोलावली. मग तिने शेजारी एकीला उभं राहण्यापुरत्या रिकाम्या जागेकडे बोट केलं, आणि मी गर्दीतून वाट काढत तिच्याकडे निघाले.